सगळे सांगतात ‘५० एमएम घे’, पण डोंबिवलीच्या दहा बाय बाराच्या खोलीत ती मावतच नाही! बजेटमध्ये लेन्स निवडायची तरी कशी?

नरकचतुर्दशीची सकाळ. अभ्यंगस्नान आणि फराळ उरकून डोंबिवलीची तरुणाई फडके रोडवर जमलेली असते. गणेश मंदिरात दर्शन, मग रस्त्यावरच गप्पांचे फड, शाळा-कॉलेजचे जुने दोस्त, नवे कुर्ते, पैठण्या आणि फोटो. आता या गर्दीत एक माणूस दरवर्षी हमखास सापडतो. गळ्यात कॅमेरा, कॅमेऱ्यावर नवीकोरी ५० एमएमची लेन्स आणि समोर ओळीत उभे केलेले सहा मित्र. तो एक डोळा मिटून मागे सरकतोय. अजून मागे. अजून थोडं. कुणाच्या तरी स्कूटरला धडकतो, ‘सॉरी काका’ म्हणतो, तरी दोन्ही टोकांचे मित्र फ्रेमच्या बाहेरच. शेवटी कुणीतरी मोबाईल काढतं, ०.५ वर टाकतं आणि दोन सेकंदांत विषय संपवतं.

बिचाऱ्याच्या कॅमेऱ्यात दोष नाही, लेन्समध्येही नाही. घोळ झालाय तो लेन्स घेताना ऐकलेल्या सल्ल्यात.

कॅमेरा घेताना बहुतेकांचं बजेट बॉडी आणि सोबतच्या किट लेन्समध्येच संपतं. मग पहिल्या पगारातून, दिवाळीच्या बोनसमधून किंवा चार ऑर्डरी करून दहा-पंधरा हजार साठतात आणि ‘आता पुढची लेन्स कुठली?’ हा प्रश्न येतो. या रकमेत चूक झाली तर ती निस्तरायला पुन्हा वर्षभर थांबावं लागतं. म्हणून हे गणित जरा नीट समजून घेऊ.

सल्ला जुना, कॅमेरा नवा

‘पहिली लेन्स घ्यायची तर ५० एमएम’ हा सल्ला आजचा नाही. तो फिल्मच्या काळातला आहे. तेव्हाच्या ३५ एमएम फिल्मची एक चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची असायची आणि त्या चौकटीवर ५० एमएमची लेन्स ‘नॉर्मल’ मानली जायची. फार रुंद नाही, फार जवळ खेचणारीही नाही. अनेक एसएलआर कॅमेऱ्यांसोबत तीच लेन्स यायची.

आज त्याच मापाच्या सेन्सरला फुल फ्रेम म्हणतात आणि तो कॅमेरा महाग असतो. आपल्याकडे बहुतेकांच्या हातात असतो तो क्रॉप सेन्सर. कॅननचा साधारण २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा, निकॉन आणि सोनीचा २३.५ बाय १५.६ च्या आसपास. कॅननचे १५००डी, २००डी, आर५०, निकॉनचे डी३५००, डी५६००, झेड३०, सोनीचे ए६०००च्या घरातले कॅमेरे, हे सगळे याच गटातले.

लेन्स मात्र सेन्सर बघून वागत नाही. ५० एमएमची लेन्स आत जी प्रतिमा पाडायची तीच पाडते. सेन्सर लहान असल्यामुळे तिच्या मधला तुकडाच टिपला जातो, कडेचा भाग वाया जातो. मोठ्या फोटोभोवती लहान फ्रेम ठेवली की होतं तसंच. त्यामुळे क्रॉप सेन्सरवर ५० एमएमचा नजारा निकॉन-सोनीत ७५ एमएमसारखा आणि कॅननमध्ये ८० एमएमसारखा दिसतो. थोडक्यात, वडिलांच्या काळातली ‘नॉर्मल’ लेन्स मुलाच्या कॅमेऱ्यावर पोर्ट्रेट लेन्स होऊन बसते.

टेप घ्या आणि खोली मोजा

हे ७५-८० चे आकडे अनेकांनी ऐकलेले असतात, पण त्यातून डोळ्यासमोर काही उभं राहत नाही. त्यापेक्षा फुटांत बोलू. हिशोब सोपा आहे. सेन्सरच्या रुंदीला फोकल लेंथने भागायचं आणि समोरच्या माणसापर्यंतच्या अंतराने गुणायचं. उत्तर म्हणजे तिथे किती रुंद दृश्य मावेल ते.

कॅननवर ५० एमएम लावून दहा फुटांवरून फोटो काढला तर जेमतेम साडेचार फूट रुंदीचं दृश्य मिळतं. निकॉनवर ३५ एमएम लावली तर दहा फुटांवर पावणेसात फूट. कॅननवर २४ एमएम असेल तर सव्वानऊ फूट आणि किट लेन्स १८ वर ठेवली तर बारा फुटांच्या पुढे.

आता हे घरात आणून बघा. ठाणे-कल्याण पट्ट्यातल्या एखाद्या साध्या वन बीएचकेचा हॉल धरा, दहा बाय बारा. त्यात सोफा, टीव्हीचं युनिट, कोपऱ्यात गणपतीची आरास. भिंतीला पाठ लावून उभं राहिलं तरी समोरच्या माणसापर्यंत नऊ-दहा फुटांपेक्षा जास्त जागा उरत नाही. तेवढ्यात ५० एमएमने कॅमेरा उभा धरून फोटो काढला तर माणूस डोक्यापासून गुडघ्यापर्यंत येतो. नवी पैठणी नेसलेल्या आईचा पायापर्यंत फोटो हवा असेल तर साडेचौदा फूट लागतात. म्हणजे फोटोग्राफरने शेजाऱ्यांच्या दारात उभं राहायचं!

फडके रोडवरच्या सहा मित्रांचंही तेच. खांद्याला खांदा लावून उभे राहिले तरी ओळ नऊ-दहा फुटांची होते. ती मावायला कॅननवर ५० एमएमला बावीस फूट मागे जावं लागतं. दिवाळीच्या सकाळी फडके रोडवर बावीस फूट मोकळी जागा मिळाली तर ती बातमीच होईल.

याचा अर्थ ५० एमएम वाईट आहे असा अजिबात नाही. कॅननची ५० एमएम एफ १.८ एसटीएम २०१५ साली आली, वजन जेमतेम १६० ग्रॅम, आणि किमतीच्या मानाने तिच्याइतकी धारदार लेन्स दुसरी सापडणं अवघड. उपवन तलावाच्या काठावर, मासुंद्याच्या कट्ट्यावर, येऊरच्या रस्त्यावर एकट्या माणसाचा कमरेपर्यंतचा फोटो काढायचा असेल, मागचं सगळं छान धूसर करायचं असेल, तर हीच घ्या. फक्त ती घरातल्या आणि ग्रुपच्या फोटोंसाठी घेऊ नका.

सेलोटेपचा प्रयोग

नवी लेन्स मागवण्याआधी एक काम फुकटात होतं. तुमच्याकडच्या प्रत्येक डिजिटल फोटोत तो कुठल्या फोकल लेंथवर काढला याची नोंद असते. मोबाईलच्या गॅलरीत किंवा कम्प्युटरवर फोटोचे डिटेल्स उघडले की ती दिसते. गेल्या वर्षभरातले तुम्हाला खरोखर आवडलेले पन्नास-शंभर फोटो काढा आणि आकडे बघा. बहुतेक १८ ते २४ च्या आसपास असतील तर तुमची नजर रुंद आहे, ३५ च्या आसपास घुटमळत असतील तर मधली. सगळे ५५ वरच अडकले असतील तर तुम्हाला अजून जवळ जायचंय आणि लेन्स पुरत नाहीये.

याहून नेमकं उत्तर हवं असेल तर किट लेन्सची झूम रिंग ३५ वर आणा आणि सेलोटेप लावून टाका. एक आख्खा आठवडा तसंच वापरा. पुढचा आठवडा ५० च्या जवळ. रिंग हाताने फिरणाऱ्या कुठल्याही १८-५५ वर हे जमतं. ज्या आकड्यावर सारखी टेप काढावीशी वाटेल, ती लेन्स तुमची नाही. दहा हजारांचा निर्णय दहा रुपयांच्या टेपवर होतो.

मग ३५ एमएम? की २४?

क्रॉप सेन्सरवर जुन्या ५० एमएमसारखा नजारा हवा असेल तर ३५ एमएमच्या जवळपास जावं लागतं. निकॉनने हे ओळखून २००९ मध्ये खास क्रॉप सेन्सरसाठी एएफ-एस डीएक्स ३५ एमएम एफ १.८जी काढली. वजन २०० ग्रॅम, फुटाभरापर्यंत जवळचं फोकस. निकॉनचा डीएसएलआर असलेल्यांसाठी घर, ग्रुप, रस्ता, जेवणाचं ताट या सगळ्याला चालणारी पहिली लेन्स हीच. यात फार डोकं लावायची गरज नाही.

कॅननवाल्यांची मात्र पंचाईत आहे. कॅननने क्रॉप डीएसएलआरसाठी अशी स्वस्त ३५ एमएम एफ १.८ कधी काढलीच नाही. त्यांनी २०१४ मध्ये २४ एमएम एफ २.८ एसटीएम आणली. बिस्किटासारखी चपटी, १२५ ग्रॅमची, लोकलच्या गर्दीत बॅगेत आहे की नाही कळूही नये अशी. सोळा सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, दहा बाय बाराच्या खोलीत सुखाने मावते.

पण इथे एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. तुमची किट लेन्सही २४ वर साधारण एफ ४ पर्यंत उघडते. म्हणजे एफ २.८ ने मिळणारा प्रकाश फक्त दुप्पट. त्यातून किट लेन्समध्ये हात स्थिर करणारं आयएस असतं, या चपट्या लेन्समध्ये नाही. समोरची वस्तू हलत नसेल तर तुमच्या हातातल्या लेन्सचाच फोटो कदाचित जास्त चांगला येईल. २४ एमएम घ्यायची ती लहान आणि हलकी आहे म्हणून. अंधारावर उपाय म्हणून घेतली तर पस्तावाल.

कॅननवर खरोखर उजेड खेचणारी ३५ हवी असेल तर सेकंड हँड बाजारात जुनी ईएफ ३५ एमएम एफ २ शोधता येते किंवा योंगनुओ या चिनी कंपनीची ३५ एमएम एफ २ बघता येते. योंगनुओ स्वस्त आहे, पण तिच्या फोकसचा आवाज ऐकून पाळण्यातलं बाळ जागं होईल. व्हिडिओ करणाऱ्यांनी लांब राहावं.

मिररलेसवाल्यांना इथे थोडा आराम आहे. सिग्माची ३० एमएम एफ १.४ ही लेन्स सोनी, निकॉन झेड आणि कॅनन आरएफ अशा तिन्हींसाठी मिळते. निकॉन झेडसाठी २४ एमएम एफ १.७ आहे, कॅनन आरएफसाठी २८ एमएम एफ २.८ आहे. पैसे थोडे जास्त मोजावे लागतात इतकंच.

एफचा आकडा म्हणजे खिडकी

लेन्सवरचा एफचा आकडा जितका लहान तितकी आतली खिडकी मोठी, इथपर्यंत बऱ्याच जणांना माहीत असतं. ती किती मोठी, हे कळलं की पैसे कुठे जातात ते समजतं.

किट लेन्स ५५ वर नेली की एफ ५.६ वर येते. त्याजागी एफ १.८ ची लेन्स असेल तर सेन्सरवर जवळपास दहापट प्रकाश पडतो. कॅनन आर५० सोबतची १८-४५ तर टोकाला एफ ६.३ वर जाते, तिच्या तुलनेत बारापट. संध्याकाळची आरती घ्या. घरातला एक एलईडी बल्ब, समईचा उजेड आणि टाळ वाजवणारं पोर. किट लेन्सवर शटर १/१५ सेकंदावर येत असेल तर एफ १.८ वर तेच १/१५० वर जातं. १/१५ वर टाळ आणि चेहरा दोन्ही पुसट होतात, १/१५० वर निदान चेहरा तरी थांबतो.

लेन्समधलं आयएस किंवा व्हीआर इथे कामाला येत नाही, हेही लक्षात ठेवा. ते फक्त तुमच्या हाताचं थरथरणं सांभाळतं. समोरचं पोर नाचत असेल तर त्याला कुठलंही आयएस थांबवू शकत नाही, त्यासाठी वेगवान शटरच लागतं. ढोलाचं टिपरू हवेत गोठवायचं तर १/५०० च्या आसपास.

ढोलाचा विषय निघालाच आहे तर, गुढीपाडव्याची स्वागतयात्रा हे या पट्ट्यातल्या फोटोग्राफरांचं दुसरं मोठं पर्व. डोंबिवलीत गणेश मंदिर संस्थानच्या पुढाकाराने १९९० च्या दशकाच्या अखेरीस ही यात्रा सुरू झाली आणि मग गावोगावी पसरली. तिथे सकाळचं ऊन असतं, त्यामुळे उजेडाची चणचण नाही. म्हणजे तिथे एफ १.८ ची गरजही नाही. साधी १८-५५ पुरते. उलट धुळीत आणि धक्काबुक्कीत लेन्स बदलायचा उद्योग केला तर सेन्सरवर जी धूळ बसेल ती साफ करायला वेगळे पैसे जातील. एक लेन्स लावून घरून निघा आणि तीच लावून परत या.

आतापर्यंत क्रॉप सेन्सरने अडचणच केली. पण एक जागा अशी आहे जिथे तो फुकटात फायदा देतो.

फ्लेमिंगो आणि दहाव्या रांगेतले आईबाबा

ठाणे खाडीचा फ्लेमिंगोंचा पट्टा २०१५ मध्ये अभयारण्य जाहीर झाला आणि २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा मिळाला. हिवाळ्यापासून मे महिन्यापर्यंत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने ते बघायला जाता येतं. फेऱ्या भरती-ओहोटीच्या वेळा बघून होतात, त्यामुळे आधी चौकशी करून जाणं बरं. आणि बोटीत बसल्यावर लगेच कळतं की ५५ एमएमने काही होणार नाही.

कॅननची ५५-२५० आयएस एसटीएम ही २०१३ ची लेन्स क्रॉप सेन्सरवर ४०० एमएमसारखा नजारा देते. फुल फ्रेमवर हा पल्ला गाठायला लागणाऱ्या लेन्सची किंमत ऐकून माणूस बोटीतून खाडीत पडेल. थवा दोनशे फुटांवर असेल तर २५० एमएमच्या फ्रेममध्ये साधारण अठरा फूट रुंद आणि बारा फूट उंच दृश्य येतं. फ्लेमिंगो तीन-चार फुटांचा. म्हणजे एक पक्षी फ्रेमच्या चौथ्या-तिसऱ्या हिश्शाएवढा. थव्याचा फोटो अगदी नीट येतो.

एकट्या पक्ष्याचा हवा असेल तर? इथे सोशल मीडियावाल्यांसाठी चांगली बातमी आहे. २४ मेगापिक्सेलचा फोटो ६,००० पिक्सेल रुंद असतो आणि इन्स्टाग्रामच्या पोस्टला साधारण १,०८० पिक्सेल पुरतात. फोटो दोन्ही बाजूंनी निम्मा कापला तरी ३,००० पिक्सेल उरतात. पक्षी आपोआप दुप्पट मोठा. म्हणूनच ज्यांचे फोटो मोबाईलच्या स्क्रीनवरच बघितले जाणार आहेत, त्यांनी लेन्सच्या कोपऱ्यांचा शार्पनेस तपासणारे व्हिडिओ बघत रात्री जागवू नयेत.

हीच लेन्स पावसाळ्यानंतर येऊरला किंवा घोडबंदर रोडवरच्या ओवळेकर वाडीत फुलपाखरांसाठीही कामाला येते. ती ८५ सेंटिमीटरपर्यंत फोकस करते आणि तेवढ्या जवळून पावणेआठ सेंटिमीटर रुंदीची चौकट भरते. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू असलेलं ब्लू मॉरमॉन पंख पसरून बसलं तर फ्रेममध्ये मावणारही नाही, थोडं मागेच जावं लागेल. वेगळी मॅक्रो लेन्स घ्यायचा विचार निदान वर्षभर पुढे ढकला.

आणि तिसरं गिऱ्हाईक म्हणजे आईबाबा. शाळेचं गॅदरिंग, आचार्य अत्रे रंगमंदिर किंवा सावित्रीबाई फुले नाट्यमंदिर, आपली खुर्ची दहाव्या रांगेत, लेक स्टेजवर मोर झालेली. स्टेज साधारण पस्तीस फुटांवर. तिथे ५५-२५० ही ८० ते १०० च्या आसपास ठेवली की लेक आणि तिच्या शेजारचा ससा असे दोघं नीट येतात. स्टेजवर प्रकाश बऱ्यापैकी असतो, आयएसओ ३,२०० च्या आत काम भागतं. (व्यावसायिक नाटकाला मात्र कॅमेरा काढू नका. नट प्रयोग थांबवून बोलतील आणि ते बरोबरच असेल.)

निकॉनमध्ये या जागी एएफ-पी ७०-३०० आहे, पण ती दोन प्रकारची येते. नावात व्हीआर असलेली आणि नसलेली. दिसायला जुळ्या बहिणी. ३०० एमएमवर व्हीआर नसेल तर हाताच्या कंपाने अर्धे फोटो जातात, त्यामुळे थोडे जास्त पैसे देऊन व्हीआरवालीच घ्या. कॅननमध्येही ७५-३०० नावाची एक स्वस्त लेन्स वर्षानुवर्षं विकली जातेय. तिच्यात आयएस नाही आणि टोकाला फोटो मऊ येतो. आकडा ३०० दिसतो म्हणून भुलू नका, २५० वाली केव्हाही सरस.

राहता राहिली रुंद लेन्स. कॅननची १०-१८, निकॉनची १०-२०. दोन्ही चांगल्या आहेत. पण गुढीपाडव्याला ठाण्याच्या गावदेवी मैदानातली महारांगोळी असो किंवा दुर्गाडीवरून दिसणारी खाडी, भर उजेडातलं रुंद दृश्य तुमच्या खिशातला मोबाईल ०.५ वर बरंच सांभाळतो. त्यामुळे बजेटच्या यादीत ही शेवटी.

नावातली अक्षरं वाचा, नाहीतर लेन्स लागेल पण चालणार नाही

सेकंड हँड बाजारात सगळ्यात जास्त फसगत इथे होते. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते. त्यामुळे नुसतं ‘एएफ’ लिहिलेली जुनी ५० एमएम एफ १.८डी त्यांच्यावर बसते, फोटोही निघतो, पण ऑटोफोकस चालत नाही. ‘एएफ-एस’ लिहिलेलीच लागते. याच्या उलट गंमत म्हणजे नवी ‘एएफ-पी’ लेन्स डी३१०० आणि डी३२०० सारख्या जुन्या कॅमेऱ्यांवर फोकसच करत नाही.

कॅननमध्ये ‘ईएफ’ लेन्स फुल फ्रेम आणि क्रॉप अशा दोन्ही डीएसएलआरवर चालते, ‘ईएफ-एस’ फक्त क्रॉपवर. दोन्ही प्रकार अ‍ॅडॉप्टर लावून नव्या आर मालिकेच्या मिररलेसवर ऑटोफोकससकट चालतात, त्यामुळे आज घेतलेली जुनी लेन्स उद्या अगदीच वाया जात नाही. अपवाद ‘ईएफ-एम’. एम५० सारखे कॅमेरे सेकंड हँडमध्ये आकर्षक भावात दिसतात, पण कॅननने ती मालिका बंद केली आणि तिच्या लेन्स आर मालिकेवर लागत नाहीत.

बोरा बाजारात जाताना बॅगेत काय ठेवायचं?

लेन्स नवी असो की वापरलेली, या भागातल्या लोकांना शेवटी सीएसएमटीची लोकल पकडावीच लागते. स्टेशनसमोरच्या फोर्ट भागात, बोरा बाजारच्या गल्लीत कॅमेऱ्याची दुकानं आहेत. जाताना स्वतःची कॅमेरा बॉडी, चार्ज केलेली बॅटरी आणि रिकामं कार्ड न्या. दुकानातल्या कॅमेऱ्यावर लेन्स चालते म्हणजे तुमच्यावर चालेलच असं नाही.

लेन्सची दोन्ही झाकणं काढा, मोबाईलचा टॉर्च एका बाजूने तिरका मारा आणि दुसऱ्या बाजूने बघा. धुळीचे एक-दोन कण दिसले तर घाबरायचं कारण नाही, फोटोत ते येत नाहीत. पण कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक पांढऱ्या रेषा दिसल्या तर ती बुरशी. भाव कितीही पाडून दिला तरी लेन्स खाली ठेवा. आतली पाती तेलकट दिसत असतील तरी नको. मग काउंटरवरच्या वर्तमानपत्राचा एक फोटो, रस्त्यापलीकडच्या पाटीचा एक, दोन्ही एफचा आकडा सगळ्यात लहान ठेवून. अक्षरं झूम करून वाचा. दुकानदार कंटाळेल, कंटाळू द्या. नवी घेत असाल तर पक्कं जीएसटी बिल आणि भारतातल्या वॉरंटीचं कार्ड मागा. ‘बिलाशिवाय हजार-दोन हजार कमी करतो’ हे वाक्य ऐकू आलं की वॉरंटीचं काय होणार ते समजा.

ऑनलाइन जाहिरातीतली लेन्स असेल तर ‘मी लष्करात आहे, बदली झालीय, आधी थोडे पैसे पाठवा, कुरिअर करतो’ हा प्रकार इतका जुना झालाय की आता त्याला फसणं परवडणारं नाही. दिवसाढवळ्या, वर्दळीच्या ठिकाणी भेटा, स्वतःच्या बॉडीवर लावून बघा आणि मगच पैसे द्या. एखाद्या लग्नापुरती किंवा एका ट्रिपपुरती लेन्स हवी असेल तर मुंबई-ठाण्यात ओळखपत्र आणि डिपॉझिटवर भाड्यानेही मिळते. विकत घेण्याआधी दोन दिवस भाड्याने आणून बघणं हाही चांगला मार्ग आहे.

आणि घरी आणल्यावर? ठाणे-डोंबिवलीचा पावसाळा म्हणजे कपाटातल्या चामडी चपलांवरही पांढरं उगवतं, लेन्स तर काच आहे आणि तिच्या आत हवा अडकलेली. कॅमेऱ्याच्या बंद बॅगेत चार महिने ठेवली तर दसऱ्याला बुरशी ठरलेली. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये असला की झालं. पंधरा दिवसांतून एकदा लेन्स बाहेर काढून वापरा. सिलिका जेलचे निळे दाणे गुलाबी झाले की ते ओले झालेत, गरम करून सुकवले की पुन्हा निळे होतात. फक्त ते गरम करायला स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. त्या निळ्या रंगात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते पोटात जाणं बरं नाही.